दोन वाजताची गोळी

"साहेब, जरा बघता का? वाढलंय असं वाटतंय."

इब्राहिम परकार माझ्या केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी बॉयलर सूटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला होता. नडगीवर तीन बोटं लांबीची जखम होती. चार दिवसांपूर्वी इंजिनरूमच्या गंजलेल्या शिडीवरून घसरले होते, तेव्हाची. जखमेचं तोंड जवळपास मिटलं होतं, पण भोवतीची कातडी घोट्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत लाल आणि तुकतुकीत झाली होती. मी बोटानं दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. पाय तापलेल्या तव्यासारखा गरम होता.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून. म्हटलं, असेल आणखी एक केस्तूड."

तसं वाटण्यात त्यांची चूक नव्हती. जहाजावर आम्ही अकराजण होतो आणि अकराही जणांच्या अंगावर कुठे ना कुठे गळू किंवा फोड होतेच. गोडं पाणी फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला. अंघोळ समुद्राच्या पाण्यानं. जनरेटर दिवसातून चार तास चालायचा, बाकीचा वेळ लोखंडी डब्यात उकडत बसायचं.

आखातातल्या एका बंदराबाहेर, सहा मैलांवर, आम्ही आठ महिने नांगर टाकून उभे होतो. कसल्याशा खटल्यात कोर्टानं जहाज अडकवलं होतं. मालकानं फोन उचलणं सोडलं होतं. बदली माणसं आल्याशिवाय कुणाला जहाज सोडता येणार नाही, असं बंदरवाले म्हणायचे, आणि बदली माणसं पाठवणार कोण, तर मालक. सकाळी हवा स्वच्छ असली की शहरातले रस्ते दिसायचे, गाड्यांच्या काचा चमकलेल्या दिसायच्या.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. मूळचा देवरुखचा, जहाजावर सेकंड ऑफिसर. अशा मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, सेकंड ऑफिसरच डॉक्टर. किनाऱ्यावर काही दिवसांचा कोर्स करून त्याचं सर्टिफिकेट मिळतं. माझ्याकडे ते सर्टिफिकेट, एक जाडजूड पुस्तक आणि औषधांचं एक कपाट होतं. ते कपाट दीड वर्षात कुणी भरलं नव्हतं. संसर्गावरच्या अँटिबायोटिकच्या एकाच जातीच्या गोळ्या उरल्या होत्या.

पुस्तकात सांगितलं होतं तसं मी मार्करनं लालीच्या कडेनं रेष काढली आणि बाजूला वेळ लिहिली. आठ महिने मी रोज नकाशावर जहाजाची जागा मांडत होतो आणि ती जागा हलत नव्हती. आता ही रेष हलायला नको होती.

सॅटेलाइट फोन कॅप्टन बरुआंच्या कपाटात असायचा. मोजकीच मिनिटं शिल्लक होती, म्हणून फक्त अडचणीच्या वेळी. समुद्रावरच्या जहाजांना सल्ला देणाऱ्या केंद्रातली एक डॉक्टर बोलली. आवाजावरून वयस्कर वाटली. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, मधुमेह आहे का, सगळं विचारलं.

"दर आठ तासांनी एक गोळी. पाय उंचावर ठेवा. रेषेवर लक्ष ठेवा. अठ्ठेचाळीस तासांनी मला सांगा."

सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. मी स्वतः खाली जायचो, परकारांच्या हातावर गोळी ठेवायचो, पाण्याचा पेला द्यायचो आणि वर येऊन औषधांच्या रजिस्टरमध्ये वेळेपुढे खूण करायचो. ते इंजिनाला तेलपाणी करणारे ऑइलर, वय सेहेचाळीस, बाणकोटच्या खाडीकाठचे. जहाजावर मराठी बोलणारे आम्ही तिघेच: ते, मी आणि वसईचा कुक पास्कल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप एकशेदोन होता आणि लाली रेषेच्या चार बोटं वर चढली होती. सहा गोळ्या झाल्या होत्या. थोडा तरी फरक पडायला हवा होता. मला काही सुधरेना. अकराच्या सुमारास, गोळीची वेळ नसताना, मी पुन्हा त्यांच्या केबिनमध्ये गेलो. ते संडासला गेले होते. उशी पायाखाली घ्यायची ती भिंतीशी पडली होती, म्हणून मी ती उचलली. खाली एक रुमाल होता. रुमालात सहा गोळ्या होत्या. कडा विरघळून खडबडीत झालेल्या, नंतर वाळलेल्या.

परकार भिंतीला धरत आत आले. माझ्या हातातला रुमाल त्यांनी पाहिला आणि ते बंकवर बसले.

"तोंडात ठेवत होता?"

"गालात. तुम्ही गेलात की काढायचो."

"का?"

"थर्ड इंजिनिअर कसे गेले, साहेब?"

मला माहीत होतं. मार्चमध्ये थर्ड इंजिनिअरच्या छातीत कळा आल्या होत्या. बंदराची लाँच तीन तासांत आली. कोर्टाला आणि वकिलातीला लिहिलेल्या पत्रांपैकी एकाचंही उत्तर आलं नव्हतं, पण लाँच आली. आता तो स्वतःच्या घरी होता.

"म्हणून पाय सडवणार?"

"मला महिनाभर मागच्या डेकवर जायची भीती वाटतेय," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, पंप बिघडलाय असं सांगावं तसा. "कठड्यापाशी उभा राहिलो की पलीकडं पाय टाकावासा वाटतो. दोनदा पास्कलनं जेवायला हाक मारली म्हणून मागं फिरलो. त्याला यातलं काही ठाऊक नाही."

मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसलो. खरं सांगायचं तर रुमाल उघडल्यावर मला आधी राग आला नव्हता, काळजीही वाटली नव्हती. हे आपल्याला का सुचलं नाही, असं वाटलं होतं.

"दोन दिवस द्या," ते म्हणाले. "मग म्हणाल तितक्या गोळ्या घेईन."

"दोन दिवसांत पाय जाईल. कदाचित तुम्हीही जाल."

"तसा इथंही जाणारच आहे."

मी पाण्याचा पेला भरला आणि खिशातल्या पाकिटातून नवी गोळी काढली.

"ही आत्ता माझ्यासमोर गिळायची. तोंड उघडून दाखवायचं. मी फोनवर सांगतो की दोन दिवस औषध चालू आहे आणि काही उपयोग नाही. मग ते उतरवायलाच सांगतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं सांगाल?"

"लिहून तर झालंच आहे. सगळ्या खुणा केल्यात."

त्यांनी गोळी गिळली, तोंड उघडलं, जीभ उचलून दाखवली.

फोन करताना कॅप्टन माझ्या शेजारी उभे होते. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. "एकही डोस चुकला नाही? नक्की?"

"नाही."

"उलटून नाही पडला?"

"नाही. मी स्वतः देतोय."

"मग तुमचं औषध या जंतूंना पुरं पडत नाही. त्यांना शिरेतून औषध द्यावं लागेल. किनाऱ्यावर हलवा. तोपर्यंत गोळ्या बंद करू नका."

कॅप्टन बरुआंनी फोन परत कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. आसाममधले होते, फार कमी बोलायचे. "पाण्यासाठी मी तीनदा विनवण्या केल्या," ते म्हणाले. "बघू, याला तरी उत्तर देतात का."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. परवा सकाळी दहा वाजता लाँच येईल. सोबत बंदराचे डॉक्टर असतील. ते जहाजावर येऊन रुग्णाला तपासतील, गरज वाटली तर सोबत नेतील, नाहीतर औषध देऊन परत जातील.

तोपर्यंत परकार खरोखर गोळ्या घेत होते. पहिल्या रात्री त्यांना हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. पास्कलनं आपली दोन्ही पांघरुणं आणून त्यांच्यावर टाकली. सकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी माझं मनगट पकडलं. बोटांत जोर नव्हता.

"साहेब, मला मरायचं नाही हां. रात्री कळलं मला."

"नाही मरत."

"गोळी द्या. सहा वाजले ना?"

त्यानंतर घड्याळ तेच बघायला लागले. मी उतरायच्या आत उठून बसायचे, हात पुढे करायचे. गोळी गिळली की न सांगता तोंड उघडून दाखवायचे आणि हसायचे. चौथ्या गोळीनंतर ताप शंभरवर आला, सहाव्या गोळीनंतर उतरलाच. लाँच यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पाय पाहिला तर लाली रेषेच्या दोन बोटं खाली सरकली होती. तुकतुकीत कातडीला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. सूज उतरायला लागल्याची ती खूण, पुस्तकात तसं लिहिलंच होतं. औषधाचा उपयोग नाही असं मी फोनवर सांगितलं होतं, आणि औषध छान काम करत होतं.

पास्कलनं पेज करून आणली होती. परकारांनी वाटीभर खाल्ली, आणखी थोडी मागितली. घराच्या गोष्टी सांगत बसले. बायको जुलेखा खाडीत कालवं काढायला जाते, तिच्याइतकी भराभर कालवं फोडणारी अख्ख्या वेसवी गावात दुसरी नाही. मी ऐकत होतो आणि पायाकडे बघत होतो. उद्या दहा वाजता डॉक्टर हा पाय बघणार. ताप नाही, लाली उतरतेय, माणूस पेज खातोय. दोन पाकिटं गोळ्या हातात ठेवून ते लाँचमध्ये बसतील आणि लाँच निघून जाईल.

दुपारी दीडला मी तिथंच होतो.

"साहेब, दोन वाजत आले," परकार म्हणाले.

"हो. आणतो."

मी वर ब्रिजवर, जहाज चालवायच्या खोलीत गेलो. गोळ्यांचं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशातच होतं. ब्रिजवर कुणी नव्हतं. खुर्चीत बसलो. दोन वाजले. किनाऱ्यावर एक पांढरी बस रस्त्यानं जाताना दिसली, पार वळणाआड जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो. अडीच वाजले. मी रजिस्टर उघडलं आणि दोन वाजताच्या रकान्यात खूण केली.

संध्याकाळी पास्कल वर आला. "परकार विचारतायत, दुपारची गोळी राहिली का म्हणून."

"देतो," मी म्हणालो.

रात्री दहालाही मी खाली गेलो नाही. सकाळी सहालाही नाही. रजिस्टरमध्ये खुणा मात्र वेळच्या वेळी होत होत्या.

सकाळी आठला पास्कल धावत आला. मी खाली गेलो. परकार डोळे मिटून पडले होते, ओठ सुकून चिरा पडल्या होत्या. ताप एकशेतीनच्या वर. पोटरी फुगून दगडासारखी झाली होती, मधोमध जांभळट डाग उठला होता, लाली गुडघा ओलांडून मांडीवर गेली होती. मी रेषेकडे पाहिलंसुद्धा नाही. मनात एवढंच होतं की आता दोनच तास. दोन तासांत लाँच येईल.

नऊ वाजता रेडिओवर बंदराचा निरोप आला. वारा वाढलाय, समुद्र खवळलाय. लाँच आज येऊ शकत नाही, उद्या येईल.

मी शिड्या उतरत कसा खाली गेलो ते आठवत नाही. दोन गोळ्या एकदम त्यांच्या तोंडात घातल्या, पाणी पाजलं. पाच मिनिटांत त्यांनी ओकून टाकल्या. गोळी कुस्करून पाण्यात कालवून चमच्यानं दिली, तीही बाहेर आली. तिसऱ्यांदा थोडी आत राहिली असावी. दिवसभर हेच चाललं होतं. कॅप्टन येऊन दारात उभे राहिले.

"काल उतरतंय म्हणाला होतास."

"हो सर."

"मग?"

"माहीत नाही, सर."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या केबिनमधून त्यांच्या वाट्याच्या गोड्या पाण्याची बाटली आणून त्यांनी पास्कलच्या हातात दिली.

वारा त्या रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू होता. लाँच चारला आली. परकारांना आम्ही स्ट्रेचरला बांधून दोरांनी खाली सोडलं तेव्हा ते कुणाला ओळखत नव्हते. बंदराचा डॉक्टर हडकुळा, तरुण माणूस होता. त्यानं पाय पाहिला आणि लगेच सलाईन लावलं. मग तो आमच्याकडे वळला. पास्कलच्या मानेवरचं गळू, फिटरच्या काखेतले फोड, माझ्या कोपरावरची खपली. टाकीतलं पाणी त्यानं पेल्यात घेऊन उजेडात धरलं. माझं रजिस्टर चाळलं, प्रत्येक खुणेवरून बोट फिरवलं आणि पानांचे फोटो काढले.

"वेळच्या वेळी दिलंत," तो मला म्हणाला.

त्याचा अहवाल कुठल्या कुठल्या टेबलांवरून गेला ते आम्हाला कळलं नाही. पण दहा दिवसांनी पाण्याची बार्ज आली, आणि पाच आठवड्यांनी आम्हा सगळ्यांना उतरवण्याचा हुकूम आला. विमानतळावर पास्कलनं मला मिठी मारली. तुमच्या रजिस्टरनं सोडवलं आम्हाला, असं म्हणाला.

परकारांचा पाय कापावा लागला नाही, पण पोटरी चार वेळा उघडली आणि सडलेलं मांस काढून टाकलं. दोन महिने ते तिथल्या इस्पितळात होते. घरी आल्यावर त्यांचा फोन आला होता. मग दर ईदला येत राहिला. दोन मिनिटं बोलायचे, तब्येत विचारायचे, ठेवायचे.

भेटायला जायला मला अकरा वर्षं लागली. कुणी विचारलं की मी म्हणायचो, वेळ मिळत नाही.

वेसवीत त्यांचं घर सापडायला त्रास झाला नाही. जुलेखाभाभींनी चहा दिला, कालवांचं सुकं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि मी जेवत असताना समोर बसून म्हणाल्या, "आंब्रेसाहेब, तुम्ही नसता तर हे आज दिसले नसते. घड्याळ लावून औषध दिलंत म्हणे. हे सगळ्या गावाला सांगतात."

परकार भाकरी मोडत होते. मान वर केली नाही.

परत निघालो तेव्हा ते जेट्टीपर्यंत सोडायला आले. खाडीपलीकडे जाणारी फेरी साडेचारला होती. त्यांचं डावं पाऊल घोट्यातून वर उचलत नव्हतं. ते मांडीपासून पाय उचलायचे आणि पाऊल पुढे टाकायचे, चप्पल रस्त्यावर घासायची. अर्ध्या वाटेवर मी थांबलो.

"इब्राहिमभाई, लाँच यायच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही गोळी मागितली होती."

"दोनदा," ते म्हणाले. "एकदा तुमच्याकडं, एकदा पास्कलकडून."

"मी आणतो म्हणालो होतो."

"हो."

"गोळी माझ्या खिशात होती. पाय बरा होत होता. डॉक्टर बघून परत गेला असता. म्हणून मी आलो नाही. दुपारी नाही, रात्री नाही, सकाळी नाही. तुमच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलोय. पण मलाही उतरायचं होतं. कुणीतरी येऊन आम्हाला बघावं असं वाटत होतं."

ते खाडीकडे बघत उभे राहिले. पलीकडून फेरी सुटलेली दिसत होती.

"तिथला डॉक्टर म्हणाला, पू आधीपासूनच खोलवर होता," ते म्हणाले. "आता तो तुमच्या तीन गोळ्यांनी झाला की माझ्या सहा गोळ्यांनी, ते कोण सांगणार?"

"तरी."

"म्हणजे विसरला नव्हतात."

"नाही."

ते चालायला लागले. आठ-दहा पावलं गेल्यावर बोलले, माझ्याकडे न बघता.

"बरं झालं सांगितलंत. मला वाटायचं, विसरले. मी खाली तापानं पडलोय, दाराकडं बघतोय, आणि वरती कुणाला माझी आठवणही नाही. अकरा वर्षं तोच राग होता. पायाचा नव्हता."

फेरी जेट्टीला लागली होती. गाड्या चढायला लागल्या होत्या. आम्ही अजून बरेच मागे होतो.

"तुम्ही व्हा पुढं," परकार म्हणाले. "माझ्या चालीनं चुकेल तुमची."

मी पुढे झालो नाही. त्यांच्या बाजूनं, त्यांच्या चालीनं चालत राहिलो. आम्ही जेट्टीवर पोचलो तेव्हा फेरी पाण्यात वीसेक हात गेली होती. पुढची पाऊण तासानं होती.

"मग बसू," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्यांनी कट्ट्यावर नीट ठेवला.